तोंडातली चामखीळ: ओळखायची कशी, काढायची कुठे आणि घरी काय करायचं नाही

ओठाच्या आत, जिभेखाली किंवा टाळूवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा एक छोटा उंचवटा दिसतो. दुखत नाही, रक्त येत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते. मुखमैथुन झालेलं असेल तर मनात लगेच दोन शब्द येतात: गुप्तरोग आणि कॅन्सर. मग काही जण महिनोन्‌महिने ते लपवतात, तर काही जण चुना लावून जाळायला बघतात. दोन्हीमुळे नुकसानच होतं. लैंगिक संबंधातून आलेली तोंडातली चामखीळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते आणि एका बैठकीत निघते. मात्र नुसतं बघून ती चामखीळच आहे हे ठरत नाही. म्हणून पुढची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे: ती नीट काढून घेणं आणि काढलेला तुकडा तपासून घेणं.

१. ही येते कुठून

कारण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. याचे २००हून जास्त प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. गुप्तांगावरच्या बहुतेक चामखिळी ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. मुखमैथुनातून तेच तोंडात येतात. हाताबोटांवरच्या साध्या चामखिळी बहुधा २ आणि ४ या प्रकारांच्या असतात. नखं खाण्याची किंवा बोटावरची चामखीळ दातांनी कुरतडण्याची सवय असेल तर त्या ओठावर उगवतात आणि त्यांचा लैंगिक संबंधाशी काही संबंध नसतो. घशाच्या, विशेषतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरशी जोडलेला प्रकार १६ आहे. तो सहसा अशी तुऱ्यासारखी चामखीळ करत नाही. त्यामुळे चामखीळ आली म्हणजे पुढे कॅन्सर होणार, असा अर्थ काढू नका.

लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात, पण हा काळ काही आठवड्यांपासून वर्षाच्याही पुढे जाऊ शकतो. लागण झालेल्या अनेकांना तर कधीच काही दिसत नाही. त्यामुळे ‘कोणाकडून आली’ आणि ‘कधी आली’ याचं खात्रीचं उत्तर मिळत नाही. घरात यावरून भांडण पेटण्याआधी ही गोष्ट दोघांनीही समजून घ्यावी. आज दिसलेली चामखीळ हा कालच्या बेइमानीचा पुरावा नाही.

२. आरशासमोर तपासणी

लागणाऱ्या वस्तू: मोबाइलचा टॉर्च, हातात धरायचा आरसा, स्वच्छ गॉजचा तुकडा किंवा सुती रुमाल, छोटी मोजपट्टी. कवळी असेल तर काढा. साबणाने हात धुवा, चूळ भरा.

आधी खालचा ओठ बाहेर उलटवून बघा, मग वरचा. मग गाल बोटाने बाजूला ताणून दोन्ही बाजू बघा. जीभ टाळूला लावा म्हणजे जिभेखालची दोरी आणि तिच्या दोन्ही बाजू दिसतील. मग गॉजने जिभेचं टोक धरून ती आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे ओढा आणि कडा अगदी मागेपर्यंत बघा. शेवटी मान मागे टाकून ‘आ’ म्हणत टाळू आणि पडजीभ. ओठांची आतली बाजू, जिभेखालची दोरी आणि मागचा मऊ टाळू या चामखिळीच्या आवडत्या जागा आहेत.

लैंगिक संसर्गाची चामखीळ साधारण अशी असते: गुलाबी किंवा फिकट, मऊ, न दुखणारी, बुडाशी रुंद, वर बोथट दाणे. बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात, शेजारशेजारी उगवून एकत्र होतात आणि १ ते १.५ सेंटीमीटरपर्यंत वाढतात. याउलट एकटीच, बारीक देठावर उभी, अर्ध्या सेंटीमीटरहून लहान आणि बोटांसारखे टोकदार तुरे असलेली गाठ असेल तर ती बहुधा साधा पॅपिलोमा असतो. त्यातही ६ आणि ११ सापडतात, पण तो लैंगिक संबंधातूनच आला असं म्हणता येत नाही. पांढरी, खरखरीत, कडक टोकांची आणि ओठाच्या कडेवरची असेल तर हातावरून आलेल्या साध्या चामखिळीचा संशय घ्या.

मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. ‘वाढतंय का?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो आणि आठवणीवर त्याचं उत्तर नीट देता येत नाही.

३. जे चामखीळ नाही ते आधी वगळा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. एरवी कोणी स्वतःच्या तोंडात इतकं निरखून बघत नाही. एकदा बघायला लागलं की जन्मापासून असलेल्या गोष्टीही नव्या वाटू लागतात.

जिभेच्या मुळाशी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात ८ ते १२ मोठे गोल उंचवटे असतात. ते चवीचे अवयव आहेत आणि सगळ्यांना असतात. जिभेच्या मागच्या कडांवर उभ्या घड्या आणि गुलाबी दाणे असतात, तेही नेहमीचेच. जिभेखाली दोन्ही बाजूंना झालरीसारखी पातळ घडी असते. तिची टोकं चामखिळीसारखी दिसतात, पण डावी-उजवी बाजू सारखी असते. ही ‘दोन्ही बाजू सारख्या’ची कसोटी फार उपयोगी आहे: जे दोन्हीकडे त्याच जागी आहे ते बहुधा शरीराच्या रचनेचाच भाग असतं. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आत असलेला छोटा उंचवटा आणि जिभेच्या दोरीच्या मुळाशी असलेले दोन बारीक दाणे ही लाळेच्या नळ्यांची तोंडं आहेत. ओठांच्या आत आणि गालावर दिसणारे पिवळसर बारीक ठिपके तेलग्रंथींचे असतात.

आता आजारांकडे. दुखणारा खड्डा, कडेने लाल आणि मध्ये पिवळट, आठ-पंधरा दिवसांत जाणारा, हे साधं तोंड येणं. खालच्या ओठाच्या आत निळसर, पाण्याच्या फुग्यासारखं, फुटून पुन्हा भरणारं असेल तर लाळेची गाठ. दात मिटतात त्या रेषेवर गालात गुळगुळीत घट्ट गाठ असेल तर सारखं चावलं गेल्याने झालेली. किडलेल्या दाताजवळ हिरडीवर पुवाचा फोड असेल तर मुळातला संसर्ग. ढिल्या कवळीखाली टाळूवर लाल दाणेदार भाग असेल तर कवळीचा त्रास.

एक साम्य मात्र घातक आहे: सिफिलिस. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात तोंडात ओलसर, चपटे, राखाडी-पांढरे चट्टे किंवा उंचवटे येतात आणि ते चामखिळीसारखे वाटू शकतात. सोबत तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग, बारीक ताप, मानेत गाठी असतील तर संशय पक्का धरा. सिफिलिस पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. चामखीळ समजून कापला तर आत तसाच राहतो. म्हणूनच रक्ततपासणीशिवाय उपचार सुरू करू नये.

४. तंबाखू खात असाल तर वेगळा नियम

गुटखा, मावा, खर्रा, तंबाखू-चुना किंवा दातांना मिश्री, यातलं काहीही चालू असेल किंवा पूर्वी बरीच वर्षं चालू असेल तर तोंडातल्या कोणत्याही खरखरीत किंवा पांढऱ्या उंचवट्याला स्वतःहून ‘चामखीळ’ म्हणू नका. तंबाखूच्या जागी हळूहळू पसरणारा चामखिळीसारखाच दिसणारा एक कॅन्सर असतो. तोही सुरुवातीला दुखत नाही. मिश्री लावणाऱ्या बायकांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण मिश्रीला बऱ्याच घरांत तंबाखू मानतच नाहीत.

पुढचं काहीही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा लाल-पांढरा चट्टा, बुडाशी दगडासारखा कडकपणा, हात लागताच रक्त, हलणारा दात, मानेत गाठ, कानात कळ, गिळायला त्रास. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ६ आणि ११ या प्रकारांच्या गाठी स्वरयंत्रावरही होतात. तोंड किती उघडतं तेही बघा. आपलीच तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, पुढच्या दातांमध्ये उभी जायला हवीत. जात नसतील तर ही तक्रार वेगळी आहे आणि तीही दाखवायची आहे.

५. घरी करू नये अशा गोष्टी

चुना, चुना-सोडा, कॉस्टिक, लसणाचा रस, व्हिनेगर: कातडीवरच्या चामखिळीसाठी गावोगावी सांगितले जाणारे हे उपाय तोंडात अजिबात नकोत. तोंडातलं आवरण पातळ आणि ओलं असतं. चुना लाळेबरोबर पसरतो आणि शेजारचा चांगला भागही भाजतो. भाजलेल्या जागेचा तुकडा तपासला तर रिपोर्टही गोंधळाचा येतो.

घोड्याचा केस किंवा दोरा बांधणं, नखाने किंवा ब्लेडने काढणं यात रक्तस्राव होतो, मूळ राहतं आणि जखमेतून विषाणू शेजारी पसरतो.

मेडिकलमधलं सॅलिसिलिक ॲसिडचं औषध आणि गुप्तांगावरच्या चामखिळीसाठी दिलेलं पोडोफायलिन, पोडोफायलोटॉक्सिन किंवा इमिक्विमोड तोंडात वापरू नका. डॉक्टरांनी तुम्हालाच आधी लिहून दिलेलं असलं तरी ते बाहेरच्या कातडीसाठी होतं. पोडोफायलिन पोटात गेलं तर विषारी आहे, आणि गरोदरपणात तर पूर्ण वर्ज्य.

असायक्लोव्हिर हर्पिससाठी आहे, या विषाणूवर चालत नाही. अँटिबायोटिकही नाही. तोंड आल्यावर लावायच्या स्टिरॉइडच्या मलमानेही चामखीळ जात नाही, फक्त वेळ जातो.

६. कुठे जायचं, काय न्यायचं, काय सांगायचं

गाठ तोंडात आहे, म्हणून पहिला दरवाजा दंतवैद्याचा. शक्य असेल तर ओरल मेडिसिन किंवा ओरल सर्जरीचे तज्ज्ञ बघा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात हे विभाग आहेत. गाठ घशाजवळ असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. गुप्तांगावरही काही असेल तर त्वचा व गुप्तरोग विभाग. जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. जवळचं केंद्र विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

सोबत न्यायचं:
– केसपेपरसाठी ओळखपत्र
– तारखेसह काढलेले फोटो
– चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाच्या गोळ्या, स्टिरॉइड, एचआयव्हीची औषधं
– आधीचे रक्ताचे किंवा तुकड्याचे रिपोर्ट
– भुलेचं इंजेक्शन किंवा कुठलंही औषध कधी सोसलं नसेल तर त्याचं नाव

केसपेपरच्या खिडकीवर ‘तोंडात गाठ आहे’ एवढंच पुरे. डॉक्टरांसमोर मात्र आडपडदा नको. दार बंद असू द्या आणि सरळ सांगा: “ही गाठ इतक्या आठवड्यांपासून आहे. माझा मुखमैथुन झालेला आहे. चामखीळ आहे का बघा, आणि काढली तर तुकडा तपासायला पाठवा.” सोबत नातेवाईक असतील तर त्यांना बाहेर थांबवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. गरोदर असाल तर तेही सांगा. गरोदरपणात चामखिळी भराभर वाढू शकतात आणि काढण्याची वेळ त्यानुसार ठरवली जाते.

लहान मुलाच्या तोंडात चामखीळ असेल तर बहुतेकदा ती बोटावरचीच असते, पण डॉक्टरांना दाखवाच. अत्याचाराचा थोडाही संशय असेल तर १०९८ वर फोन करा.

७. काढण्याच्या पद्धती

एकच छोटी गाठ असेल तर सुरीने बुडासकट कापून काढणं ही सगळ्यात चांगली पद्धत, असं आमचं स्पष्ट मत आहे. जागा बधिर करतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं, गरज पडली तर एक-दोन टाके. मुख्य फायदा असा की तपासायला अख्खा तुकडा मिळतो.

लेझरने रक्त कमी येतं, म्हणून अनेक गाठी असतील किंवा जागा अडचणीची असेल तर तो सोयीचा. विजेच्या सुईने जाळणं स्वस्त आहे. द्रव नायट्रोजनने गोठवण्याची पद्धतही वापरतात. तिला साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा बैठका लागू शकतात, आणि गोठवल्यानंतर जागा सुजते, फोड येतो, मग ती गळून पडते. या तिन्ही पद्धतींची अडचण एकच: गाठ पूर्ण जाळली किंवा गोठवली की तपासायला काही उरत नाही. म्हणून आधी तुकडा घ्या आणि मगच बाकीचं जाळा, असा आग्रह धरा. लेझरच्या आणि जाळण्याच्या धुरात विषाणूचे अंश सापडतात. तिथे धूर ओढणारं यंत्र आणि डॉक्टरांच्या तोंडावर एन-९५ मास्क असायला हवा.

गाठी खूप असतील तर सगळ्या एकाच दिवशी काढायचा हट्ट करू नका. पूर्ण तोंड सोललं गेलं तर आठवडाभर खाता येत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

काहीच केलं नाही तर? काही चामखिळी प्रतिकारशक्तीमुळे आपोआप विरतात. पण तोंडात थांबून बघण्यापेक्षा निदान हातात असणं जास्त महत्त्वाचं. निदान पक्कं असेल, गाठ बारीक असेल आणि डॉक्टर वाट बघू म्हणत असतील तर थांबायला हरकत नाही.

८. तुकडा आणि रिपोर्ट

तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत जायला हवा. पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवला तर पेशी खराब होतात. बाटलीवर नाव, तारीख आणि तोंडातली नेमकी जागा लिहिली आहे का ते निघण्याआधी बघा. पॅथॉलॉजीचं बिल सहसा वेगळं असतं, आणि पैसे वाचवायला हीच गोष्ट टाळली जाते. टाळू नका.

रिपोर्टमध्ये ‘कॉन्डिलोमा अक्युमिनेटम’ असेल तर ती लैंगिक संसर्गाची चामखीळ. ‘स्क्वेमस पॅपिलोमा’ म्हणजे साधी गाठ. ‘व्हेरुका व्हल्गॅरिस’ म्हणजे हातावरच्यासारखी. ‘कॉयलोसाइट’ म्हणजे विषाणूने बदललेल्या पेशी, तो कॅन्सरचा शब्द नाही. ‘डिस्प्लेसिया’ हा शब्द आला तर मात्र पेशी बिघडायला लागल्या आहेत. किती प्रमाणात, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा अशा पेशींपासून मोकळ्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारा आणि पुढची भेट चुकवू नका.

विषाणूचा नेमका प्रकार शोधणारी महागडी चाचणी बहुतेकांना लागत नाही, कारण उपचार तोच राहतो. एचपीव्ही शोधणारी रक्ततपासणी कोणी सुचवली तर नको म्हणा. अशी उपयोगाची रक्ततपासणी नाही.

९. जखम भरेपर्यंत

पहिला अर्धा तास गॉज दाबून ठेवा. बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका, नाहीतर स्वतःचाच ओठ चावला जातो. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरणं, थुंकणं, स्ट्रॉने पिणं बंद. गार दूध, ताक, गार झालेली पेज, मऊ भात-वरण खा. गरम चहा, ठेचा, लिंबू, कुरमुरे चार-पाच दिवस नकोत.

दुसऱ्या दिवसापासून एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा हलक्या गुळण्या. डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन दिलं असेल तर १० मिली, दिवसातून दोनदा, एक मिनिट. पेस्टने दात घासल्यावर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. दुखण्यासाठी सहसा पॅरासिटामॉल पुरतं.

जागेवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळट-पांढरा थर दिसतो. तो पू नाही, भरणाऱ्या जखमेचा थर आहे, खरवडू नका. एक ते दोन आठवड्यांत जागा भरते. रक्त आलं तर ओला गॉज वीस मिनिटं न उचलता दाबा. तरी थांबलं नाही, ताप आला किंवा सूज वाढत गेली तर परत जा. जखम भरली की टूथब्रश बदला. तंबाखू या काळात पूर्ण बंद, आणि तिथून पुढेही.

१०. बाकीच्या तपासण्या आणि जोडीदार

त्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांच्या रक्ततपासण्या करून घ्या. नुकताच संबंध आला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. तोंडात अनेक चामखिळी असतील किंवा काढूनही भराभर उगवत असतील तर ही तपासणी टाळूच नका, कारण प्रतिकारशक्ती कमी असली की असं होतं. एचआयव्हीवर उपचार चालू असलेल्यांतही त्या दिसतात, म्हणून गोळ्या बंद करू नका.

गुप्तांग आणि गुदद्वाराचा भागही तपासून घ्या, तुमचा आणि जोडीदाराचा. जोडीदार स्त्री असेल तर तिशीनंतरची गर्भाशयमुखाची नियमित तपासणी राहून गेली आहे का ते बघा.

जखम भरेपर्यंत मुखमैथुन बंद. नंतर कंडोम वापरा. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही, कारण न झाकलेल्या कातडीवरूनही विषाणू जातो. लेटेक्सच्या कंडोमला खोबरेल तेल लावलं तर तो फाटतो. स्त्रीच्या बाबतीत कंडोमची रिंग आणि टोक कापून, उभी चीर देऊन त्याची चौकोनी पट्टी करा आणि तोंड व गुप्तांग यांच्या मध्ये धरा. घरात ताट-वाटी, ग्लास वेगळे करायची गरज नाही. टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा.

११. परत उगवली तर, आणि लस

चामखीळ निघते, पण आजूबाजूच्या पेशींत विषाणू काही काळ राहतो. म्हणून परत उगवणं हे डॉक्टर चुकल्याचं लक्षण नाही. बहुतेकदा ती पहिल्या तीन महिन्यांत उगवते. दोन आठवड्यांनी जखम आणि रिपोर्टसाठी, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी दाखवा. मधल्या काळात महिन्यातून एकदा वरची आरसा-टॉर्चची तपासणी, पण रोज नाही. रोज बोटाने चाचपत राहिलं तर चांगली जागाही सुजते. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत विषाणूला आवरतं.

लस असलेली चामखीळ घालवत नाही, मात्र न झालेल्या प्रकारांपासून वाचवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे आणि ९ ते २६ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन: पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. २६च्या पुढे असाल तर उपयोग कितपत होईल ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. घरात या वयाची मुलं असतील तर आपल्या भेटीच्या दिवशीच त्यांच्या डोसचीही चौकशी करून या.